घरात चार टॉर्च, आणि लाईट गेल्यावर एकही लागत नाही

लाईट जाते. कोणीतरी मोबाईलच्या उजेडात खण उघडतं, त्यातून तीन-चार टॉर्च निघतात आणि त्यांतली एकही लागत नाही. दुसऱ्या दिवशी बाजारातून शंभर-दीडशेची नवी येते. पुढच्या पावसाळ्यात तीही त्याच खणात, त्याच अवस्थेत. आमच्या कोकणात दर जूनला घरोघरी हेच चालतं आणि माझ्या दुरुस्तीच्या टेबलावर या दिवसांत अशा टॉर्चचा ढीग लागतो. काही जत्रेतून घेतलेल्या, काही लोकलमधल्या फिरत्या विक्रेत्याकडून, काही कशावर तरी फुकट आलेल्या, काही कुठल्या कार्यक्रमात भेट मिळालेल्या. टाकवत नाहीत आणि वापरल्याही जात नाहीत.

त्यांचा उपयोग करायचा तर एक गोष्ट आधी लक्षात घ्या. या टॉर्चमधला एलईडी सहसा मरत नाही. मरते ती बॅटरी, गंजते ती सेलला टेकणारी पत्री, सैल होतो तो स्विच. म्हणजे आपण 'बिघडली' म्हणून जी बाजूला ठेवतो, तिचा उजेड देणारा भाग बहुतेक वेळा ठणठणीत असतो. त्याला दुसरीकडून वीज मिळाली की तो कामाला लागतो. खाली जे सांगतोय ते सगळं याच एका गोष्टीवर उभं आहे.

सगळ्या टॉर्च एका वर्तमानपत्रावर काढा आणि चार गट करा: पेन्सिल सेलवर चालणाऱ्या, भिंतीच्या प्लगमध्ये थेट खोचायच्या पिनवाल्या, जाड गोल लिथियम सेलवाल्या, आणि बटन सेलच्या चिमुकल्या. शेवटच्या गटाबद्दल आधीच सांगून टाकतो. घरात लहान मूल असेल आणि त्या टॉर्चचं झाकण स्क्रूनं बंद होत नसेल, तर ती आजच घराबाहेर काढा. गिळलेला बटन सेल अन्ननलिकेत अडकला तर दोन तासांतसुद्धा गंभीर भाजू शकतं. मुलानं गिळल्याचा नुसता संशय आला तरी उलटी करवायला बसू नका, सरळ हॉस्पिटल गाठा.

पेन्सिल सेलवाली लागत नाही

हिच्यात निम्म्याहून अधिक वेळा बिघाड असा नसतोच. सेल आत राहून गळलेले असतात. पत्रीवर पांढरी भुकटी किंवा हिरवट-निळा थर दिसेल. अल्कलाईन सेलची पांढरी भुकटी असेल तर कानातल्या कापसाच्या काडीला व्हिनेगर किंवा लिंबाचा थेंब लावून पुसा. साध्या स्वस्त सेलचा तपकिरी चिकट द्राव असेल तर तो आम्लधर्मी असतो. त्याला खायच्या सोड्याची पातळ पेस्ट लावा. नंतर दोन्हीकडे ओलसर कापडानं पुसून पूर्ण कोरडं करा आणि पत्रीवरून बारीक पॉलिश पेपर हलकाच फिरवा. हे करताना हातात मोजे असू द्या, आणि तो हात डोळ्याला लावू नका.

साफ करूनही लागत नसेल किंवा हलवल्यावर लुकलुकत असेल, तर मागचं झाकण काढून आतून बघा. ॲल्युमिनियमच्या टॉर्चमध्ये ऋण बाजूचा प्रवाह बॉडीतूनच जातो. बॉडीवर जो काळा किंवा रंगीत मुलामा असतो त्यातून वीज जात नाही. झाकणाची उघडी, चकचकीत कडा बॉडीच्या उघड्या कडेला टेकते तिथूनच ती जाते. ती कडा काळवंडली की उजेड लुकलुकतो. आता झाकणाच्या आतल्या बाजूला बघा. स्प्रिंगच्या भोवती एक गोल कडी दिसेल आणि तिच्यावर समोरासमोर दोन छोटी भोकं किंवा खाचा असतील. ही कडी स्विचला दाबून धरते. टॉर्च दोन-चारदा पडली की ती अर्धा आटा सैल होते आणि स्विच बॉडीपासून सुटतो. चिमट्याची किंवा बारीक कात्रीची दोन टोकं त्या खाचांत बसवून घड्याळाच्या काट्याच्या दिशेनं आवळा. 'मेलेली' टॉर्च या एवढ्याशा कामानं पुन्हा लागते, आणि दर वेळी मला त्याचा मनापासून आनंद होतो.

तीन बारीक (एएए) सेलचा प्लास्टिकचा पिंजरा असेल तर तो उलटा तर बसवला नाही ना, तेही बघा. बहुतेक पिंजऱ्यांची धन बाजू काचेकडे असते. आणि जुने-नवे सेल एकत्र घालू नका. सगळ्यात अशक्त सेल आधी रिकामा होतो, बाकीचे त्याच्यातून जबरदस्तीनं प्रवाह ढकलतात, आणि तोच मग गळतो.

टॉर्चमध्ये मंद झालेला सेल लगेच फेकून देऊ नका. मल्टिमीटरवर, म्हणजे व्होल्ट मोजायच्या यंत्रावर, 1.3 व्होल्ट दाखवणारा सेल टॉर्चला पुरत नाही, पण भिंतीवरचं घड्याळ त्यावर बरेच दिवस चालतं. फक्त महिन्यातून एकदा तो गळत नाही ना ते पाहा.

पिनवाली, चार्जिंगची

लोक सगळ्यात जास्त विचारतात ते हिच्याबद्दल: रात्रभर चार्जिंगला लावली, लाल दिवा लागला, पण टॉर्च लागत नाही. लाल दिवा एवढंच सांगतो की वीज आत येते आहे. बॅटरीनं ती घेतली की नाही, ते त्याला कळत नाही.

हिच्या आत बहुतेक वेळा 4 व्होल्टची छोटी शिशाची बॅटरी असते. शिशाच्या बॅटरीला रिकामं राहणं सोसत नाही. ऑगस्टमध्ये वापरून रिकामी झालेली टॉर्च तशीच खणात गेली, की बॅटरीच्या आतल्या शिशाच्या पत्र्यांवर सल्फेटचे कडक खडे बसतात आणि पुढच्या जूनपर्यंत ती चार्ज घेण्याच्या पलीकडे जाते. दुसरं कारण याच्या नेमकं उलट आहे. स्वस्त टॉर्चमध्ये चार्जिंग आपोआप थांबवणारं सर्किट नसतं. एक कॅपॅसिटर, चार डायोड, एक-दोन रेझिस्टर, संपलं. कॅपॅसिटरवर 105 लिहिलेलं असेल तर तो 1 मायक्रोफॅरडचा, आणि आपल्या 230 व्होल्टवर त्यातून साधारण 70 मिलिअँपिअर जातात. बॅटरी भरली तरी तेवढेच जात राहतात. टॉर्च दोन-दोन दिवस प्लगला विसरली की आतलं पाणी सुकतं. म्हणून डब्यावर लिहिलेले तास मोजून ती काढणं एवढा एकच उपाय आपल्या हातात उरतो.

तपासणी सोपी आहे. सांगितलेले तास चार्ज करा, प्लगमधून काढा, तासभर तशीच ठेवा, मग लावा. दोन-तीन मिनिटांत उजेड विझला तर बॅटरी गेली. तिच्यात पाणी घालणं, ती गरम करणं असले उपाय करू नका.

आता धोक्याचं बोलतो, आणि हे घरातल्या सगळ्यांना वाचून दाखवा. या टॉर्चमध्ये ट्रान्सफॉर्मर नसतो. चार्जिंग चालू असताना आतला प्रत्येक भाग थेट भिंतीतल्या विजेला जोडलेला असतो. चार्जिंगला लावलेली टॉर्च कधीच लावून बघू नका: बॅटरी मेलेली असेल तर त्या झटक्यात एलईडीही जाऊ शकतात, आणि बॉडीला तडा असेल तर हाताला शॉक बसतो. ओल्या हातानं तर नाहीच नाही. भिंतीतून काढल्यावरही पिनांना लगेच बोट लावू नका, कॅपॅसिटरमध्ये चार्ज उरलेला असू शकतो. आणि मेलेल्या शिशाच्या बॅटरीच्या जागी लिथियम सेल बसवून त्याच पिनांवर चार्ज करायचा बेत कोणी सांगितला तर साफ नाही म्हणा. लिथियम सेलला 4.2 व्होल्टच्या वर नेता येत नाही, आणि हे सर्किट तिथे थांबत नाही. याचा शेवट आगीत होतो. ज्याला सोल्डरिंग नीट येतं त्यानं पिना आणि जुनं सर्किट पूर्ण काढून टाकावं आणि टीपी 4056 चा संरक्षण असलेला चार्जिंग बोर्ड बसवावा. तो मोबाईलच्या चार्जरवर चालतो आणि 4.2 व्होल्टला स्वतः थांबतो. बाकीच्यांनी या टॉर्चचं फक्त डोकं, म्हणजे एलईडी असलेला पुढचा भाग, वाचवावं. त्याचं काम पुढे येतंच आहे.

जाड लिथियम सेलवाली

काच पुढे-मागे सरकवून झोत लहान-मोठा होतो, ती ही. सेलवर 9900 असा काहीतरी आकडा छापलेला असेल तर तो मनावर घेऊ नका. 18 मिलिमीटर जाड आणि 65 मिलिमीटर लांब या मापात नामांकित कंपन्यांचे चांगले सेलसुद्धा 3500 मिलिअँपिअर-तासांच्या आसपास असतात. स्वयंपाकघरातल्या काट्यावर वजन करून बघा: चांगला सेल 45 ग्रॅमच्या आसपास भरतो, तिशीतला निघाला तर आत माल कमी आहे. सेल फुगला असेल, त्याचं वेष्टन फाटलं असेल किंवा तो 2.5 व्होल्टच्या खाली गेला असेल, तर परत चार्ज करू नका. टॉर्चची बॉडी, काच आणि एलईडी मात्र ठेवा.

ज्यांचा सेल मेला, त्यांचं डोकं आणि मोबाईलचा जुना चार्जर

टॉर्चसारखेच घरोघरी साचतात ते जुने मोबाईल चार्जर. या दोघांची गाठ घालून दिली की कायमचा, शॉक न देणारा रात्रदिवा तयार होतो. माझ्या मते नकोशा टॉर्चचा याहून चांगला उपयोग दुसरा नाही.

नऊ छोट्या एलईडींचं गोल डोकं घ्या, पेन्सिल सेलच्या टॉर्चचं किंवा पिनवालीचं, कुठलंही. पिनवालीचं घेतलं तर जुनं सर्किट तोडून फक्त एलईडीची चकती वेगळी करा. चार्जर मोठ्या चपट्या तोंडाचा, साध्या यूएसबीचा हवा. दोन्ही बाजूंना टाईप-सी असलेली केबल कापून जोडलीत तर वीज मिळणारच नाही, कारण तो चार्जर समोर फोन आहे याची खात्री झाल्याशिवाय 5 व्होल्ट सोडत नाही. केबलचं फोनकडचं टोक कापा. आत सहसा लाल आणि काळी वायर वीज आणते. हिरवी आणि पांढरी असल्या तर त्यांना वेगवेगळी टेप गुंडाळून सोडून द्या. स्वस्त केबलमध्ये रंग बदललेले असतात, म्हणून मल्टिमीटरनं एकदा खात्री करा.

पांढऱ्या एलईडीला 3 व्होल्टच्या थोडं वर लागतात आणि चार्जर 5 देतो. मधला फरक खायला एक रेझिस्टर हवा. लाल वायरमध्ये 33 ओहमचा, नारिंगी-नारिंगी-काळ्या पट्ट्यांचा रेझिस्टर जोडा. हिशोब असा: 5 वजा साधारण 3.1, उरले 1.9 व्होल्ट, भागिले 33, म्हणजे जवळपास 58 मिलिअँपिअर. नऊ एलईडींत वाटले की प्रत्येकाला सहा-सात. एलईडी गरम होत नाहीत, वर्षानुवर्षं टिकतात आणि उजेड डोळ्यांना मऊ लागतो. धन बाजू म्हणजे चकतीच्या मधली स्प्रिंग, ऋण म्हणजे कडा. बहुतेक टॉर्चमध्ये असंच असतं. उलटं जोडलं गेलं तर दिवा लागणार नाही, वायरींची अदलाबदल करा. चार्जरचा स्वतःचा खर्च सोडला तर हा दिवा रोज 10 तास लावला तरी वर्षाला जेमतेम 1 युनिट जळतं. जिन्यावर, देव्हाऱ्याच्या कोपऱ्यात, बाथरूमच्या वाटेवर, आजी-आजोबांच्या खाटेजवळ लावा. रात्री उठताना पडणं हा म्हातारपणी फार महागात जाणारा अपघात आहे, आणि एवढ्या उजेडानं तो पुष्कळदा टळतो.

हाच दिवा पॉवर बँकवर लावला आणि तो मिनिटाभरात आपोआप विझला, तर घाबरू नका. प्रवाह फार कमी दिसला की पॉवर बँक 'फोन काढला' असं समजून बंद होते. रेझिस्टर 15 ओहमचा, अर्ध्या वॅटचा घाला. प्रवाह 120 मिलिअँपिअरच्या आसपास जाईल आणि बहुतेक पॉवर बँका मग चालू राहतात. गॅलरीत प्लग नाही म्हणून आकाशकंदील अंधारात राहतो, त्यांनी या दिवाळीत हे करून बघावं.

सोल्डरिंगची अजिबात सवय नसेल तर आणखी सोपा रात्रदिवा आहे. तीन बारीक सेलची टॉर्च घ्या, त्यांतल्या एका सेलच्या जागी त्याच लांबीचा, म्हणजे साडेचव्वेचाळीस मिलिमीटरचा लोखंडी बोल्ट कागदात गुंडाळून बसवा. दोन्ही टोकं उघडी हवीत. आता एलईडीला साडेचारऐवजी 3 व्होल्ट मिळतात. झोत राहत नाही, पण मंद उजेड लाईट नसलेली अख्खी रात्र पुरतो. टॉर्च उभी करून वर दुधाची धुतलेली पांढरी पिशवी रबरानं लावली की तो उजेड खोलीभर पसरतो.

ज्या लागतात, त्यांना एकेक काम द्या

एक टॉर्च मीटर बोर्डाशेजारी खिळ्याला लटकवा आणि तिच्यावर अंधारात चमकणारी रेडियमची पट्टी चिकटवा, म्हणजे अंधारात हात थेट तिच्यावर जाईल. ती तिथून कोणीही हलवायची नाही. बाकीच्यांना कामं अशी:

हरवलेला स्क्रू, कानातल्याचा फासा, फुटलेल्या काचेची कपची शोधायची असेल तर टॉर्च वरून मारू नका. ती फरशीवर आडवी ठेवा आणि हळूहळू फिरवा. बारीकशा वस्तूचीही लांब सावली पडते आणि ती लगेच सापडते. रंगकाम करून घेताना हाच आडवा झोत भिंतीला समांतर मारा. पुट्टीतला प्रत्येक उंचवटा आणि खड्डा दिसतो. रंग चढण्याआधी हे केलंत तर नंतरचे वाद वाचतात.

पिंपाजवळ एक टॉर्च हवीच. डेंग्यूचा डास स्वच्छ साठवलेल्या पाण्यात वाढतो आणि अंड्यापासून डास व्हायला साधारण आठ-दहा दिवस लागतात. आठवड्यातून एकदा पिंप, कूलर, कुंड्यांखालच्या ताटल्या यांत टॉर्च मारून बघा. वळवळणाऱ्या अळ्या उजेडापासून पळतात, त्यामुळे चटकन कळतात. दिसल्या की पाणी ओता आणि भांडं घासून कोरडं करा.

गावठी कोंबड्या असतील तर खुडूक बसवल्यापासून सातव्या-आठव्या दिवशी अंडी तपासायला कमी ताकदीची टॉर्चच चांगली. पुठ्ठ्याला रुपयाच्या नाण्यापेक्षा लहान भोक पाडून तो काचेवर लावा, अंधाऱ्या खोलीत अंड्याचा जाड भाग भोकावर टेकवा. जीव धरलेल्या अंड्यात लालसर शिरांचं जाळं दिसतं. वांझ अंडं नुसतं पिवळट उजळतं. एकविसाव्या दिवसापर्यंत वाट बघून अंडी वाया घालवायची गरज उरत नाही.

आकाशदर्शनाला जाणाऱ्यांनी काचेवर लाल जिलेटिन कागदाचे दोन-तीन थर लावावेत. अंधाराला डोळे सरावायला वीस ते तीस मिनिटं लागतात आणि पांढरा झोत ते सगळं एका क्षणात घालवतो. लाल उजेडात तारानकाशाही वाचता येतो आणि डोळेही सरावलेले राहतात. मे-जूनमध्ये भंडारदरा, राजमाचीकडे काजवे बघायला जाणाऱ्यांनी लाल कागदाची टॉर्चसुद्धा फक्त पायवाटेवर, जमिनीकडे धरून लावावी आणि झाडांपाशी बंद करावी. काजवे उजेडानंच एकमेकांना शोधतात. वेळासच्या किनाऱ्यावर कासवांची पिल्लं समुद्राकडे जात असताना तर कुठलीच टॉर्च लावू नका. उजेडाच्या दिशेनं ती भलतीकडे वळतात.

आणि घरात खरोखरच जास्तीची, चांगली लागणारी टॉर्च असेल तर रात्रपाळीचं पाणी द्यायला शेतावर जाणाऱ्याला द्या. मण्यार रात्रीच फिरते, घोणस आणि फुरसं वाटेवर पडून राहतात. बांधावर पाऊल टाकण्याआधी तिथे उजेड पडणं हा सर्पदंश टाळण्याचा पहिला उपाय आहे. पण देताना नवे सेल घालून, घरी दोन रात्री वापरून मगच द्या. ऐन बांधावर विझणारी टॉर्च देणं धोक्याचं आहे.

याच कारणानं डोंगरात, किल्ल्यावर, होडीवर या स्वस्त टॉर्चवर एकट्या विसंबून राहू नका. तिथे खात्रीचा हेडलॅम्प हवा आणि ही जोडीला. घरात गॅसचा वास आला तर कुठलीही टॉर्च लावू नका की विझवू नका. स्विचमधली ठिणगी पुरते. आधी रेग्युलेटर बंद करा, दारं-खिडक्या उघडा आणि बाहेर पडा.

पुन्हा साचू नयेत म्हणून

पेन्सिल सेलवाली टॉर्च महिनाभर लागणार नसेल तर सेल काढून तिलाच रबरानं बांधून ठेवा. मीटर बोर्डाशेजारची याला अपवाद. तिच्यात अल्कलाईन सेल घाला आणि वर्षानं बदला. पिनवालीला दर दुसऱ्या अमावास्येला चार्ज करायचं ठरवून टाका. कालनिर्णयावर खूण केली की घरातलं कोणीतरी आठवण करतंच. वापर झाला की त्याच रात्री किंवा दुसऱ्या दिवशी चार्ज, ही सवय शिशाच्या बॅटरीचं आयुष्य सगळ्यात जास्त वाढवते. लिथियमवाली निम्मी भरलेली ठेवा आणि उन्हात उभ्या गाडीच्या डॅशबोर्डवर ठेवू नका.

जे उरतं ते टाकताना

शिशाची बॅटरी फोडू नका, जाळू नका, शिसं काढायचा प्रयत्न करू नका; त्याची धूळ आणि धूर मुलांच्या मेंदूला अपाय करतात. लिथियम सेलच्या दोन्ही टोकांना चिकटपट्टी लावा, म्हणजे दुसऱ्या धातूला टेकून तो पेटणार नाही. घंटागाडीच्या ओल्या-सुक्या कचऱ्यात यांतलं काहीच जाऊ देऊ नका. कचरागाडीत दबला की लिथियम सेल आग लावतो. 2022 च्या बॅटरी कचरा नियमांनुसार सगळ्या प्रकारच्या बॅटऱ्या परत गोळा करण्याची जबाबदारी उत्पादकांवर आहे. म्हणून जिथे नवी घ्याल तिथे जुनी घेता का हे आवर्जून विचारा, नाहीतर नगरपालिकेच्या किंवा सोसायटीच्या ई-कचरा संकलनात द्या. तोवर मेलेले सेल झाकणाच्या प्लास्टिकच्या बरणीत, कोरड्या जागी, मुलांच्या हाताबाहेर ठेवा. फुगलेला लिथियम सेल मात्र त्या बरणीत नको. तो मातीच्या कुंडीत कोरड्या वाळूत पुरून घराबाहेर ठेवा आणि पहिली संधी मिळताच देऊन टाका.